अंतराळातली जागा : कोणी दिली, कोणी विकली?

गेल्या व्याख्यानात आपण चंद्रावरून परत आलो होतो. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ ची माणसं समुद्रात उतरली आणि त्यानंतर पन्नास वर्षं उलटली तरी चंद्रावर माणसाचं पाऊल का पडलं नाही, त्याचा हिशेब आपण मांडला होता. आज त्याच्या पुढचा भाग : खासगी अंतराळप्रवास.

हा विषय निघाला की रॉकेटं, अब्जाधीश आणि मंगळ यांच्याबद्दलच बोलणं सुरू होतं. आपण आज जरा वेगळ्या टोकाने जाऊ. यानात माणसाला बसायची जी जागा असते, ती सीट, तिचा माग काढू. ती कोणी दिली? पैसे कोणी मोजले? आणि काही बरंवाईट झालं तर उत्तर कोणी द्यायचं? या तीन प्रश्नांची उत्तरं गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पार बदलली. खासगी अंतराळप्रवासाचा खरा इतिहास आमच्या मते तिथेच आहे.

सुरुवातीला दोन तारखा लक्षात ठेवू. पहिली, ३ एप्रिल १९८४. राकेश शर्मा सोयूझ टी-११ यानातून बैकानूरहून निघाले आणि सॅल्यूत ७ या सोव्हिएत स्थानकावर जवळजवळ आठ दिवस राहून परतले. दुसरी, २५ जून २०२५. शुभांशु शुक्ला फ्लोरिडाहून निघाले, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले आणि १५ जुलैला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरले. दोघंही हवाई दलाचे वैमानिक, दोघंही भारत सरकारने पाठवलेले. पण शर्मा ज्या यानातून गेले ते एका देशाचं होतं; शुक्ला ज्यातून गेले ते एका कंपनीचं.

शुक्लांच्या शेजारी कोण बसलं होतं तेही पाहण्यासारखं आहे. मोहिमेच्या प्रमुख होत्या पेगी व्हिटसन, पूर्वी नासाच्या, आता अ‍ॅक्सिअम या कंपनीच्या. उरलेले दोघं, एक पोलंडचा आणि एक हंगेरीचा. आता मागे वळून बघा. पोलंडचा पहिला अंतराळवीर १९७८ साली गेला, हंगेरीचा १९८० साली, आपला १९८४ साली. तिघंही सोव्हिएत संघाच्या इंटरकॉसमॉस कार्यक्रमाचे पाहुणे. तिन्ही देशांच्या सरकारांनी दुसरा माणूस पाठवला तो थेट २०२५ साली, तिघंही एकाच यानातून आणि पैसे मोजून. चाळीस वर्षांत काय घडलं हे सांगायला याहून सोपं उदाहरण आम्हाला तरी सापडलेलं नाही.

पाहुणचाराचा काळ

इंटरकॉसमॉसची जागा म्हणजे यजमानाने मांडलेला पाट. पैसे मागायचे नसतात, पण पंगतीला कोणाला बोलवायचं ते यजमान ठरवतो. त्यात राजकारण होतंच. समाजवादी गटातले देश, मग मित्रदेश, असा तो क्रम होता.

अमेरिकेचा पाहुणचार थोडा व्यापारी होता. स्पेस शटल उडू लागलं तेव्हा नासाला गिऱ्हाइकं हवी होती. तुमचा उपग्रह आमच्या शटलने पाठवा, सोबत तुमचा एक माणूसही नेऊ, असा व्यवहार सुरू झाला. जून १९८५ मध्ये अरब देशांच्या उपग्रहाबरोबर सौदी अरेबियाचे राजपुत्र सुलतान बिन सलमान गेले. नोव्हेंबरात मेक्सिकोच्या उपग्रहाबरोबर रोदोल्फो नेरी वेला गेले. आणि त्या रांगेत आपणही होतो, हे फारसं कोणाला आठवत नाही. इन्सॅट-१सी हा उपग्रह शटलने जायचा होता आणि त्याच्यासोबत जाण्यासाठी इस्रोचे दोन अभियंते निवडले होते, एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन. दोघांपैकी एक जाणार होता.

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ सेकंदांत कोसळलं. सात माणसं गेली. त्यात क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेतली शिक्षिका होती. सामान्य माणूसही आता अंतराळात जाऊ शकतो हे दाखवण्यासाठीच तिची निवड झाली होती. त्याच वर्षी अमेरिकी सरकारने ठरवलं की शटलने यापुढे व्यापारी उपग्रह न्यायचे नाहीत. गिऱ्हाईक गेलं, तशी गिऱ्हाइकाची सीटही गेली. इन्सॅट-१सी पुढे १९८८ साली युरोपच्या आरियान प्रक्षेपकाने वर गेला. त्यातून माणूस जात नसे. आपले दोन्ही अभियंते जमिनीवरच राहिले.

पाहुणचाराची जागा अशी असते. यजमानाच्या घरात दुखवटा आला की पंगत उठते, आणि तक्रार करायला जागा नसते.

तिकीट विकणारा पहिला देश

आता गंमत अशी, की अंतराळातली जागा रोख पैसे घेऊन विकायला सुरुवात केली ती भांडवलशाही अमेरिकेने नव्हे, सोव्हिएत संघाने. डिसेंबर १९९० मध्ये जपानच्या टीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीने पैसे भरून आपला वार्ताहर तोयोहिरो आकियामा मीर स्थानकावर पाठवला. पुढच्या मे महिन्यात हेलन शारमन ही ब्रिटिश रसायनतज्ज्ञ गेली. तिची निवड जाहिरात देऊन झाली होती. प्रायोजकांचे पैसे पुरेसे जमले नाहीत तरी सोव्हिएतांनी तिला नेलं. १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघच उरला नाही. कारखाने होते, सोयूझ होतं, कसबी माणसं होती, फक्त पगाराला पैसे नव्हते. घरातली भांडी विकायची वेळ आली की माणूस आधी चांदीचं काढतो. रशियाकडे चांदीचं म्हणजे सोयूझमधली तिसरी सीट.

ती विकत घेतली डेनिस टिटो यांनी. साठ वर्षांचे गृहस्थ. तरुणपणी नासाच्या जेट प्रपल्शन प्रयोगशाळेत अभियंता होते, पुढे गुंतवणुकीच्या धंद्यात श्रीमंत झाले. त्यांना जायचं होतं मीरवर. पण मार्च २००१ मध्ये मीर पॅसिफिक महासागरात बुडवण्यात आलं. मग रशियाने त्यांना आंतरराष्ट्रीय स्थानकावर न्यायचं ठरवलं. किंमत सुमारे २ कोटी डॉलर असल्याचं सांगितलं जातं. नासाने कडाडून विरोध केला. हा माणूस पुरेसा तयार नाही, बाकीच्यांना त्याच्याकडे लक्ष द्यावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. ह्यूस्टनच्या केंद्रात टिटोंना प्रशिक्षण द्यायला नकार मिळाला, तेव्हा त्यांच्याबरोबरचे रशियन अंतराळवीर म्हणाले, त्यांना नाही तर आम्हालाही नको. २८ एप्रिल २००१ ला टिटो गेले आणि ६ मे ला सुखरूप परतले.

नासाचा विरोध चूक होता का? आम्हाला तसं वाटत नाही. त्यांच्या मनात चॅलेंजर होतं. पण दहा वर्षांनी काय झालं ते पाहा. जुलै २०११ मध्ये शटल कायमचं थांबलं आणि अमेरिकेकडे स्वतःची माणसं वर न्यायला स्वतःचं यानच उरलं नाही. मग पुढची नऊ वर्षं खुद्द नासा त्याच रशियन खिडकीसमोर तिकिटासाठी उभी राहिली. भाव चढत गेला आणि शेवटची सीट ९ कोटी डॉलरच्या घरात पडली. म्हणजे सीट विकत घेणारा सगळ्यात मोठा प्रवासी कोणी अब्जाधीश नव्हता. ते अमेरिकेचं सरकार होतं.

बक्षीस, आणि एका शब्दाची गोष्ट

दुसरा धागा याच काळात कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात विणला जात होता. १९१९ साली रेमंड ऑर्टेग या हॉटेलमालकाने न्यूयॉर्क ते पॅरिस न थांबता उडेल त्याला २५ हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं. १९२७ साली लिंडबर्गने ते जिंकलं आणि विमानप्रवासाला भरती आली. हाच कित्ता गिरवत पीटर डायमँडिस यांनी १९९६ साली एक्स प्राइझ जाहीर केलं : सरकारी पैसा न घेता तीन माणसांची सोय असलेलं यान बनवा, १०० किलोमीटर उंची गाठा, दोन आठवड्यांच्या आत तेच यान पुन्हा न्या, आणि १ कोटी डॉलर घ्या. गंमत म्हणजे इतके पैसे हातात नव्हतेच. आयोजकांनी विमा काढला. मुदतीत कोणी जिंकलं तर विमा कंपनीने भरायचे, नाही जिंकलं तर हप्ता तिच्या खिशात.

विमा कंपनीला पैसे भरावे लागले. बर्ट रुटान यांनी बनवलेलं आणि मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांच्या पैशावर उभं राहिलेलं स्पेसशिपवन २९ सप्टेंबर आणि ४ ऑक्टोबर २००४ ला दोनदा वर जाऊन आलं. दुसरी तारीख स्पुटनिकच्या उड्डाणाची.

इथे एक तांत्रिक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण तिथेच पुष्कळांचा घोळ होतो. वर जाणं वेगळं आणि वर राहणं वेगळं. आपण चेंडू उभा फेकला तर तो वर जातो आणि खाली येतो. स्पेसशिपवनने तेच केलं. त्याचा कमाल वेग सेकंदाला एक किलोमीटरच्या आसपास. पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर सेकंदाला पावणेआठ किलोमीटर लागतात. वेग आठपट, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती साठपटींच्या घरात जाते. आणि तेवढी सगळी ऊर्जा परतताना उष्णता होऊन अंगावर येते. म्हणून व्हर्जिन गॅलॅक्टिकची किंवा ब्लू ओरिजिनची काही मिनिटांची फेरी आणि स्थानकावरची मोहीम, दोन्हींना अंतराळप्रवास म्हटलं तरी मोजमाप एक नाही.

या छोट्या फेऱ्यांना हसायचं कारण नाही, हेही सांगितलं पाहिजे. जुलै २०२१ मध्ये ब्लू ओरिजिनच्या यानातून वॉली फंक ८२ व्या वर्षी गेल्या. १९६१ साली ज्या अमेरिकी स्त्री-वैमानिकांनी अंतराळवीरांच्या वैद्यकीय चाचण्या पार केल्या, त्यांच्यातल्या त्या एक. त्या काळी नासा बायकांना घेत नव्हती. साठ वर्षं थांबलेल्या या बाईंना दार उघडलं ते एका कंपनीने.

पण याच धाग्यात आजच्या व्याख्यानातली सगळ्यात गंभीर गोष्ट गुंतलेली आहे. एक्स प्राइझ जिंकलं गेलं त्याच वर्षी, डिसेंबर २००४ मध्ये, अमेरिकेत एक कायदा झाला. त्यात पैसे देऊन जाणाऱ्या माणसाला 'प्रवासी' म्हटलेलं नाही. 'अंतराळ उड्डाणातला सहभागी' म्हटलं आहे. शब्द साधा वाटतो. पण प्रवासी म्हटलं की सुरक्षिततेची जबाबदारी नेणाऱ्यावर येते. एसटीत आपण तिकीट काढलं की गाडीचे ब्रेक तपासणं आपलं काम नसतं. सहभागी म्हटलं की तुम्ही जाणूनबुजून उतरलात. कंपनीने धोके लेखी सांगायचे, सरकारने या यानाला सुरक्षित म्हणून प्रमाणित केलेलं नाही हेही सांगायचं, आणि तुम्ही सही करायची. ऑपरेशनच्या आधी नातेवाईक ज्या कागदावर सही करतात ना, तसाच कागद. माणसांच्या सुरक्षेचे नियम करण्यावर सरकारलाच काही वर्षं बंदी घातली गेली. कारण दिलं गेलं की धंदा बाल्यावस्थेत आहे, त्याला शिकू द्या. ती मुदत त्यानंतर पुन्हा पुन्हा वाढवली गेली.

शिकण्याची किंमत किती? जुलै २००७ मध्ये मोहावीत इंजिनाच्या इंधनव्यवस्थेची चाचणी चालू असताना स्फोट होऊन तीन कामगार गेले. ३१ ऑक्टोबर २०१४ ला स्पेसशिपटू हवेतच तुटलं आणि सहवैमानिक मायकेल अल्सबरी मरण पावला. त्याने शेपटीची एक कळ काही सेकंद आधी सोडली होती. चौकशी मंडळाने मात्र त्याच्यावर बोट ठेवून विषय संपवला नाही. एका माणसाच्या एका चुकीने सगळं यान जाऊ शकतं याचा विचार यान बनवणाऱ्या कंपनीने केलाच नव्हता, असं त्यांनी म्हटलं. हा निष्कर्ष आमच्या मते फार मोलाचा आहे. माणूस चुकणारच, ती चूक पोटात घेणारं यंत्र बनवणं हे बनवणाऱ्याचं काम.

उक्तं काम

आता शुक्ला ज्या यानातून गेले त्याच्याकडे येऊ. सरकारी जाऊन खासगी आलं, असं पुष्कळदा म्हटलं जातं. ते बरोबर नाही. अपोलोची चांद्रकोटी ग्रुमन या खासगी कंपनीनेच बनवली होती. आपल्याकडेही विकास इंजिनं विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात बनतात. खासगी हात पहिल्यापासून आहेत. बदलला तो करार.

घर बांधणाऱ्यांना हे लगेच कळेल. गवंड्याला काम दोन प्रकारे देता येतं. एक, जेवढा खर्च होईल तेवढा देऊ, वर तुझा मोबदला. दुसरा, उक्तं : एवढ्या रकमेत एवढं बांधून दे, सिमेंट महागलं तर ते तुझं तू बघ. अपोलो आणि शटल मुख्यतः पहिल्या प्रकारात झाले. २००६ पासून नासाने स्थानकावर सामान पोचवण्यासाठी, आणि पुढे माणसांसाठीही, उक्तं काम देऊन पाहिलं. यान कंपनीचंच राहणार; सरकार फक्त फेरीचे पैसे देणार.

स्पेसएक्स तेव्हा बुडायच्या बेतात होती. पॅसिफिकमधल्या क्वाजालीन बेटांवरून सोडलेली तिची पहिली तीन रॉकेटं फसली. चौथं, २८ सप्टेंबर २००८ ला, कक्षेत पोचलं. त्याच वर्षी नाताळच्या तोंडावर नासाने बारा फेऱ्यांसाठी १६० कोटी डॉलरचा करार दिला. कंपनीची जिद्द खरीच. पण सरकारचं कंत्राट नसतं तर ती जिद्द पुढे किती टिकली असती, हाही प्रश्न खराच. २०१४ साली माणसं नेण्याचं काम दोघांत वाटलं : बोइंगला ४२० कोटी डॉलर, स्पेसएक्सला २६० कोटी.

पुढचं आपल्याला माहीत आहे. ३० मे २०२० ला स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानातून दोन अंतराळवीर गेले. बोइंगचं स्टारलायनर जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना घेऊन गेलं. हेलियमची गळती झाली, दिशा देणारी छोटी इंजिनं रुसली. नासाने यान रिकामं परत आणलं. आठवडाभरासाठी गेलेली माणसं नऊ महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, ड्रॅगनमधून उतरली. उक्त्या कामाचे दोन्ही परिणाम इथे एकत्र दिसतात. वाढलेला खर्च बोइंगच्या अंगावर आला, अमेरिकी करदात्याच्या नाही. पण यान रिकामं आणायचं हा निर्णय कोणाचा? नासाचा. पैशाची जोखीम करारावर लिहून देता येते. जिवाची जोखीम कोणालातरी स्वतः तोलावी लागते. कोलंबियाच्या वेळी, फेब्रुवारी २००३ मध्ये, कल्पना चावला आणि सहा जण गमावलेल्या संस्थेला हे कळलेलं होतं.

मग पुढे काय?

स्थानक या दशकाच्या अखेरीनंतर समुद्रात बुडवायचं ठरलं आहे. त्याच्या जागी कंपन्यांची स्थानकं यावीत, सरकारांनी त्यांत भाड्याने राहावं, असा बेत आहे. २०२१ च्या सप्टेंबरात इन्स्पिरेशन ४ मोहिमेत चार जण तीन दिवस पृथ्वीभोवती फिरले. चौघांत पेशाने अंतराळवीर कोणीच नव्हतं. यजमान श्रीमंत होता, पण एक जागा कर्करोगातून बऱ्या झालेल्या तरुणीला मिळाली, आणि एक चक्क सोडतीतून. म्हणजे जागा आणखी खुली होणार, यात शंका नाही.

पण जबाबदारीचं काय? इथे एक जुना कागद उपयोगी पडतो. १९६७ च्या बाह्य अवकाश करारात स्पष्ट लिहिलं आहे की आपल्या देशातल्या बिगरसरकारी संस्था अंतराळात जे करतील त्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्या देशाची. कंपनी खासगी असली तरी सरकारला हात झटकता येत नाहीत. भारतानेही तो मान्य केलेला आहे. २०२० पासून आपल्याकडे इन-स्पेस ही संस्था खासगी कंपन्यांना परवानगी देते. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्कायरूटचं विक्रम-एस उडालं, मे २०२४ मध्ये अग्निकुलचं रॉकेट. २०२३ साली धोरण आलं. धोरण म्हणजे कायदा नव्हे. आपल्याकडे एखादी कंपनी जेव्हा पहिली सीट विकायला काढेल, तेव्हा तिच्यात बसणारा माणूस 'प्रवासी' असेल की 'सहभागी', हा शब्द आपल्याला निवडावा लागेल. तो अपघाताआधी निवडलेला बरा.

शेवटी पुन्हा जून २०२५. शुक्लांचं उड्डाण अनेकदा पुढे ढकललं गेलं. त्यातलं एक कारण असं, की फाल्कन ९ च्या चाचणीत द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली. इस्रोचं पथक तिथे होतं. कंपन्यांच्या तज्ज्ञांशी त्यांची चर्चा झाली, आणि गळती दुरुस्त करून, पुन्हा चाचणी घेऊन मगच उडायचं ठरलं, असं इस्रोने जाहीर केलं. बातम्यांत ही ओळ येऊन गेली. आम्हाला ती फार महत्त्वाची वाटते. १९८४ साली आपण पाहुणे होतो, आणि पाहुण्याने स्वयंपाकघरात डोकवायचं नसतं. २०२५ साली आपण गिऱ्हाईक होतो. पण नुसते पैसे होते म्हणून त्या चर्चेत आपल्याला जागा मिळाली नाही. पन्नास वर्षं स्वतः रॉकेटं बनवलेली, फसलेली, पुन्हा उभी केलेली माणसं आपल्याकडे होती. गळती म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं.

सीट विकत मिळते. ती सुरक्षित आहे का हे विचारायची अक्कल विकत मिळत नाही. ती घरीच तयार करावी लागते. गगनयानवर खर्च कशाला, सीट तर बाजारात मिळते, असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांगायला हरकत नाही.

पुढच्या वेळी आपण गगनयानाकडेच वळणार आहोत. आता तुमचे प्रश्न घेऊ.